अजिंठ्याच्या प्रती

गेल्या बुद्ध पौर्णिमेनिमित्त आपल्या संस्थेने शालेय विद्यार्थ्यांसाठी चित्रकला स्पर्धा घेतली, त्या वेळची ही गोष्ट. पनवेलच्या एका शाळेतील नववीच्या विद्यार्थ्याने पोस्टर कलरमध्ये एक जपानी चित्र हुबेहूब उतरवून आणले होते. निळी प्रचंड लाट, तिच्या टोकाला नखांसारखा फेस, लाटेच्या तडाख्यात सापडलेल्या तीन होड्या आणि मागे एवढासा फुजी पर्वत. वाचकांनी हे चित्र कोठे ना कोठे पाहिलेले असणारच. अलीकडे ते वह्यांच्या मुखपृष्ठापासून टी-शर्टापर्यंत सर्वत्र दिसते. परीक्षकांनी ते स्पर्धेतून बाद केले. 'चित्र स्वतःच्या कल्पनेतील असावे' असे नियमपत्रकात छापलेले होते, आणि नियमपत्रक आम्हीच तयार केलेले होते, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार! मुलगा हिरमुसला. पण जाता जाता त्याने विचारले, "सर, मग ह्याचं मूळ चित्र कुठं आहे?"

आम्ही तिघे-चौघे कार्यकर्ते तेथे उभे होतो. एक म्हणाले, टोकियोच्या संग्रहालयात असेल. दुसरे म्हणाले, इंग्रजांनी लंडनला नेले असेल. नंतर पुस्तके चाळली तेव्हा लक्षात आले की आम्ही सर्वच चुकलो होतो. त्या चित्राचे 'मूळ' जगात कोठेच नाही. ते शिल्लक राहणे शक्यच नव्हते.

कात्सुशिका होकुसाई ह्या चित्रकाराने ही लाट १८३१ च्या सुमारास काढली. 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये' ह्या मालिकेतले ते एक चित्र (मालिका लोकांना इतकी आवडली की छत्तीसची पुढे शेहेचाळीस झाली, पण नाव तेच राहिले). हे चित्र म्हणजे लाकडी ठशावरून छापलेला कागद. चित्रकाराने पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाटन करायचे. कोरक्याने तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवायचा आणि कागदासकट लाकूड कोरत जायचे. रेघा तेवढ्या उंच राहतात, बाकीचे लाकूड निघून जाते, आणि त्याबरोबर चित्रकाराचे मूळ रेखाटनही नाहीसे होते. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. छापणाऱ्याने फळीवर रंग लावायचा, ओलसर कागद वर ठेवायचा आणि 'बारेन' नावाच्या गोल गादीने पाठीमागून घासायचे. प्रकाशक, चित्रकार, कोरक्या आणि छापणारा अशा चौघांच्या हातून चित्र पुरे होई. पैसा प्रकाशकाचा, नाव चित्रकाराचे. कोरक्याचे नाव बहुतेक वेळा कोणालाच ठाऊक नसे. अशा प्रती हजारोंनी निघत आणि बाजारात स्वस्त विकल्या जात. फळ्या झिजल्या की नव्या कोरायच्या. टोकियोत आजही जुन्या छापांवरून नव्याने फळ्या कोरून ह्या चित्रांच्या प्रती काढणारे कारागीर आहेत.

जपानमध्ये छपाई आली ती बौद्ध धम्माबरोबर. आठव्या शतकात, ७६४ ते ७७० ह्या काळात, शोतोकू सम्राज्ञीने दहा लाख लहान लाकडी स्तूप करवून घेतले आणि प्रत्येकाच्या पोटात धारणीचा छापील कागद ठेवविला. जगातील सर्वांत जुन्या छापील मजकुरांत त्यांची गणना होते. चीनमधील तुन-हुआंग येथे सापडलेली वज्रच्छेदिका सूत्राची छापील प्रत ८६८ सालची, आणि तिच्या आरंभी भगवंतांचे चित्र आहे, तेही ठशाचेच. सूत्र लिहिणे, लिहविणे, त्याच्या प्रती वाटणे हे पुण्यकर्म मानले गेले, म्हणून तर ह्या खटाटोपाला जोर आला. प्रत काढण्याला कमी लेखण्याची सवय आपल्याला कोठून लागली, हे आम्हांला तरी उमगलेले नाही.

छापील चित्राची पुन्हा हाताने रंगवलेली प्रत काढणारे आपले विद्यार्थी पहिले नव्हेत. व्हिन्सेंट व्हॅन गॉग ह्या डच चित्रकाराने १८८७ साली पॅरिसमध्ये हिरोशिगे ह्या जपानी चित्रकाराच्या दोन ठसाचित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या: एक आलुबुखाराच्या फुललेल्या बागेची, दुसरी पावसात पुलावरून धावणाऱ्या माणसांची. चौकटी आखून त्याने आकृती मोठी करून घेतली. कडेच्या पट्टीवर त्याने जपानी अक्षरेही रंगवली, जी त्याला वाचता येत नव्हती. तरी ह्या दोन्ही प्रती आज ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात मानाने लावलेल्या आहेत. आपल्या स्पर्धेत त्या बाद झाल्या असत्या.

असो. हा जपानी विषय आम्ही एवढा लांबवला त्याला कारण आहे. त्या मुलाच्या प्रश्नावरून बोलणे निघाले आणि ते थेट आपल्या घरच्या विषयावर, अजिंठ्यावर येऊन थांबले. अजिंठ्याचे मूळ आहे, ते आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि ते रोज थोडे थोडे झडते आहे. त्याच्या हाती काढलेल्या प्रतींचा इतिहास मात्र आपल्या मुलांना तर नाहीच, आपल्यालाही ठाऊक नसतो.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता वाघोरा नदीच्या पलीकडच्या कड्यात त्याला लेणे दिसले आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्रावरच, त्याने आपले नाव कोरून ठेवले, ही हकीकत सर्वांना माहीत आहे. त्यानंतर साहेब लोक येऊ लागले. डॉ. जेम्स बर्ड नावाच्या एका विद्वानाने भिंतीवरच्या आकृती सोलून काढण्याचा प्रयत्न केला आणि त्यांचा भुगा झाला. म्हणजे मूळ चित्र उचलून नेता येत नाही हे लवकरच सिद्ध झाले. राहिला मार्ग प्रत काढण्याचा.

पहिला प्रतकार मेजर रॉबर्ट गिल. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला १८४४ साली ह्या कामावर नेमले आणि १८६३ पर्यंत तो ते करीत राहिला. अजिंठा गावात मुक्काम, लेण्यात वटवाघळे, भिंतीवर धूर आणि धूळ, आणि हातात तैलरंग. गिलची आणि पारो नावाच्या स्थानिक स्त्रीची कथा ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' ह्या दीर्घकाव्यामुळे आणि २०१२ च्या चित्रपटामुळे घरोघरी पोचली. पारो १८५६ साली वारली. तिच्या स्मृतीचा दगड अजिंठा गावी आहे. गिलची कबर भुसावळला आहे. पण त्या प्रेमकथेच्या भरात त्याच्या कामाचे पुढे काय झाले हे सांगायचे राहून जाते. त्याने केलेल्या सुमारे तीस मोठ्या प्रती लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी टांगल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली. चार-पाच प्रती वाचल्या, बाकी सर्व जळाल्या. जवळजवळ वीस वर्षांचे काम एका रात्रीत गेले. गिल तेव्हा जिवंत होता.

दुसरा प्रयत्न आपल्या मुंबईचा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. तेथील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ च्या अखेरीस आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेला. पुढे १८८५ पर्यंत, मध्ये काही वर्षे खंड पडून, हिवाळ्याहिवाळ्यात हे काम चालू राहिले. पेस्तनजी बमनजी, जयराव राघोबा ही ह्या विद्यार्थ्यांपैकी नावे. सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. विचार करा, विशी-पंचविशीतली ही मुले, मुंबईच्या वर्गात ग्रीक पुतळ्यांची प्लास्टरची प्रतिरूपे रेखाटून आलेली. त्यांच्यासमोर अंधाऱ्या भिंतीवर पंधराशे वर्षांपूर्वीची माणसे: राजवाड्यातील दासी, माकडे, हत्ती, मद्य पिणारे परदेशी, आणि गर्भगृहाच्या डाव्या अंगाला निळे कमळ हाती धरलेला पद्मपाणी. ग्रीक नाकाडोळ्यांत तरबेज झालेल्या हाताला ते झुकलेले, अर्धमिटले डोळे काढताना काय वाटले असेल! भारतीय विद्यार्थ्यांना आपल्या प्राचीन चित्रकलेचा पहिला धडा मिळाला तो असा, नक्कल करता करता. पेस्तनजी बमनजी पुढे नामवंत चित्रकार झाले.

ह्याही प्रती लंडनला, साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. आणि १८८५ साली तेथेही आग लागली. शंभराहून अधिक प्रती नष्ट झाल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने १८९६-९७ मध्ये दोन मोठे खंड छापले. आज भिंतीवरून झडून गेलेली कित्येक दृश्ये आपल्याला कळतात ती त्यांवरून. वाचलेले कॅनव्हास पुढे कित्येक दशके लंडनमध्ये गुंडाळीतच पडून होते. अलीकडच्या काळात त्यांची साफसफाई करून छायाचित्रे घेण्यात आली.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. भिंतीवरची चित्रे उजळून दिसावीत, प्रत काढणे सोपे जावे, म्हणून ह्या प्रतकारांनी मूळ चित्रांवर वॉर्निश चढविले. पुढे निजाम सरकारने १९२० ते १९२२ मध्ये इटालियन तज्ज्ञ आणून सुटलेला गिलावा पक्का केला, ते काम मोलाचे झाले, पण त्यांनीही लाखेच्या वॉर्निशचा वापर केला. ते वॉर्निश कालांतराने पिवळे-तपकिरी पडले आणि धूळ धरून बसले. आपण ज्याला 'अजिंठ्याचा तपकिरी रंग' म्हणतो त्यात ह्या वॉर्निशचा बराच वाटा आहे. भारतीय पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी ते कापसाच्या बोळ्यांनी इंच इंच उतरवले, तेव्हा काही ठिकाणी खालचा निळा आणि पांढरा पुन्हा दिसू लागला. प्रत काढण्याच्या प्रेमापोटी मूळाला इजा झाल्याचे हे उदाहरण विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

तिसरी फेरी लेडी हेरिंगहॅम ह्यांची. ह्या बाई स्वतः चित्रकार, आणि तैलरंगाच्या आधीची टेम्परा पद्धत इंग्लंडात पुन्हा रुजवणाऱ्यांपैकी. गिल आणि ग्रिफिथ्स ह्यांची अडचण त्यांच्या बरोबर लक्षात आली. अजिंठ्याची चित्रे तैलरंगातली नाहीत. माती, भाताचा तूस आणि गवताचे तंतू ह्यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. हे रंग गेरू, पिवडी, काजळी, पांढरी माती, हिरवी माती; आणि निळा मात्र लाजवर्द दगडाचा, परदेशातून आलेला. ह्यात तैलरंगाची तुकतुकी नाही. सारा भर रेघेवर आहे. गिलच्या प्रतीतला पद्मपाणी म्हणून थोडा विलायती दिवाणखान्यातला वाटतो. मांसल छायाप्रकाश आहे, पण भुवईची ती एका दमात ओढलेली रेघ हरवली आहे.

हेरिंगहॅम १९०९-१० आणि १९१०-११ ह्या दोन हिवाळ्यांत तंबू ठोकून राहिल्या. कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि म्हैसूरचे व्यंकटप्पा आले. हैदराबादहून सय्यद अहमद आणि महंमद फझलुद्दीन आले. त्यांनी केलेल्या प्रती लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. नंदलाल बाबूंच्या पुढील चित्रांत अजिंठ्याची रेघ उमटली ती ह्या दोन हिवाळ्यांतली कमाई. सय्यद अहमद ह्यांनी तर पुढे सारे आयुष्यच अजिंठ्याला वाहिले. निजामाच्या पुरातत्त्व खात्यात ते लेण्यांचे व्यवस्थापक झाले, आणि त्यांच्या प्रती हैदराबादच्या राज्य संग्रहालयात आहेत. एका मुसलमान कलावंताने बोधिसत्त्वाची भुवई हजार वेळा गिरवली. आम्हांला ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानाहून मोठी वाटते.

आता पुन्हा जपान. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले असता योकोहामा येथे त्यांनी शिमोमुरा कान्झान ह्या चित्रकाराचा एक चित्रपडदा पाहिला. फुललेल्या झाडाखाली उभा असलेला आंधळा भिकारी, मावळत्या सूर्याकडे तोंड करून हात जोडतो आहे. तो पडदा रवींद्रनाथांच्या मनात इतका भरला की त्यांनी त्याची हाती काढलेली प्रत करवून घेतली. ती प्रत करणारा चित्रकार अराई कांपो. त्यालाच मग रवींद्रनाथांनी कलकत्त्याला बोलावले, जपानी कुंचल्याचे शिक्षण देण्यासाठी. हा अराई १९१७-१८ च्या हिवाळ्यात आपल्या जपानी सहकाऱ्यांसह अजिंठ्याला आला आणि त्याने भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती काढल्या. जपानी माणसाला अजिंठ्याची ओढ वाटावी ह्याला कारण होते. नारा शहराजवळ होर्यूजी नावाचा अतिशय जुना बौद्ध विहार आहे. त्याच्या मुख्य मंदिरातील सातव्या-आठव्या शतकातल्या भित्तिचित्रांतील बोधिसत्त्व आणि आपला पद्मपाणी ह्यांच्यातले साम्य साध्या डोळ्यांनाही दिसते. तीच मानेची कलती ठेवण, तेच हातांचे नाजूक वळण. अजिंठ्याहून मध्य आशिया, तेथून चीन, तेथून जपान असा हातोहात झालेला हा प्रवास. आणि तोही प्रत काढणाऱ्यांनीच घडवलेला.

अराईच्या प्रती टोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या गेल्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो पेटले, त्यात त्या जळाल्या.

वाचकांना वाटेल, ही काय आगींची यादी चालवली आहे! पण अजून एक बाकी आहे आणि ती सर्वांत विलक्षण आहे. १९३५ साली होर्यूजीच्या भित्तिचित्रांची मोठ्या काचांवर मूळ आकाराची छायाचित्रे घेण्यात आली. १९४० पासून जपान सरकारने त्या चित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती करण्याचे काम सुरू केले. छायाचित्रावरून कागदावर फिका ठसा छापून घ्यायचा आणि भिंतीसमोर बसून त्यावर रंग भरायचे, अशी पद्धत. एका तुकडीचा प्रमुख आपला अराई कांपोच होता. १९४५ मध्ये, काम अपुरे असतानाच, त्याचे निधन झाले. काम पुढे चालू राहिले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे त्या मंदिराला आग लागली आणि मूळ भित्तिचित्रे करपून गेली. कारण शेवटपर्यंत नक्की ठरले नाही, पण थंडीत काम करणाऱ्या प्रतकारांच्या विजेवरच्या उबदार गाद्यांवर संशय राहिला. म्हणजे ह्या वेळी मूळ जळाले आणि प्रती राहिल्या! पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला, आणि २६ जानेवारी हा दिवस तेथे वारसावास्तूंच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो. १९६७-६८ मध्ये जुनी छायाचित्रे आणि जुन्या प्रती समोर ठेवून चित्रकारांनी सर्व भिंती नव्याने रंगवल्या. आज यात्रेकरू त्या मंदिरात हात जोडतात ते ह्या प्रतींसमोर.

जपानी ठसाचित्रांतही अजिंठा आहे, हे जाता जाता नोंदवू. योशिदा हिरोशी हा चित्रकार १९३० च्या अखेरीस भारतात आला. १९३१-३२ च्या त्याच्या भारत-मालिकेत ताजमहाल आणि काशीच्या घाटांबरोबर अजिंठ्याचेही एक ठसाचित्र आहे. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील बुद्धचरित्राची चित्रे १९३२ ते १९३६ ह्या काळात कोसेत्सू नोसू ह्या जपानी चित्रकाराने रंगवली. आपल्यापैकी जे धम्मयात्रेला गेले आहेत त्यांनी ती पाहिली आहेत.

हा सारा इतिहास आमच्या डोक्यात घोळत असतानाच विहाराच्या सभागृहाचा प्रश्न पुढे आला. समोरच्या भिंतीवर पद्मपाणी असावा हे सर्वांना मान्य होते. कार्यकारिणीच्या सभेत एका ज्येष्ठ आयुष्यमान सभासदांनी सरळ सांगितले, "फ्लेक्स छापून घ्या. संध्याकाळी ऑर्डर दिली की सकाळी तयार. हाताने काढायला सहा महिने लागतील आणि नाक वाकडं येईल." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पनवेलच्या बाजारात फ्लेक्स स्वस्त मिळतो, आणि १९९० च्या दशकापासून कमी प्रकाशात काढलेली अजिंठ्याची रंगीत छायाचित्रे इतकी उत्तम आहेत की प्रत्यक्ष लेण्यातल्या अंधारात जे दिसत नाही ते त्यांत दिसते. फ्लेक्सच्या बाजूने त्या दिवशी बहुमत होते, हे आम्ही लपवून ठेवत नाही.

एका भगिनीने मात्र विचारले, "फ्लेक्स लावला तर मुलांनी काय करायचं? बघायचं?" ह्यावर कोणाला पटकन उत्तर देता आले नाही. शेवटी खर्चाचा प्रश्न वेगळा ठेवून, मुलांना एकदा लेणी दाखवून आणावीत आणि मग ठरवावे, असे ठरले.

आम्ही रात्रीच्या गाडीने कल्याणहून जळगाव गाठले आणि तेथून बसने फर्दापूर. (आधीच्या वर्षी आमच्यातील काही जण सुट्टी पाहून सोमवारी गेले होते आणि बंद फाटक पाहून परतले होते. लेणी सोमवारी बंद असतात, हे सभासदांनी टिपून ठेवावे.) पहिल्या लेण्यात चपला बाहेर काढून आत गेलो. डोळे अंधाराला सरावायला तीन-चार मिनिटे लागली. लाट काढणारा तो मुलगाही बरोबर होता. फ्लॅशला तेथे बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्याने वहीत पेन्सिलने एवढेच काढले: खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात. चार वेळा काढला. पाचव्या वेळी म्हणाला, "सर, कोपराला हाडच नाहीये." कॅलेंडरवर तो पद्मपाणी त्याने शंभरदा पाहिला असेल, पण हात हाडाच्या नियमाने वळत नाही, हत्तीच्या सोंडेसारखा वळतो, हे त्याला काढताना कळले. जुन्या शिल्पग्रंथांतही हाताला सोंडेची उपमा आहे, हे आम्ही त्याला नंतर सांगितले. त्याने ते आधीच शोधून काढलेले होते.

परत आल्यावर फ्लेक्सचा विषय कोणी काढला नाही.

काम कसे केले ते इतर संस्थांच्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो. भिंतीवर थेट रंगवायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. कोकणातला पावसाळा, जूनपासून भिंतीला ओल सुटते आणि ऑगस्टपर्यंत बुरशी धरते. म्हणून भिंतीपासून दोन बोटे सुटी राहील अशी लाकडी चौकट करून तीवर जाड कापड ताणले. कापडाला खडूची पूड आणि सरस ह्यांचे तीन हात दिले. चांगल्या छायाचित्राची मोठी छापील प्रत घेऊन तीवर चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी कापडावर. रेखाटन मुलांनी कोळशाने केले. चुकले की फडक्याने झटकायचे. मग गेरूची रेघ. अजिंठ्यातही प्राथमिक रेखाटन लालसर रंगाचेच असे. गेरू, पिवडी आणि काजळी पनवेलच्याच दुकानांतून आणली. हिरव्यासाठी आणि निळ्यासाठी तयार रंग वापरले, कारण लाजवर्दची किंमत ऐकून खजिनदारांनी हात जोडले. सरसात कालवलेला रंग सुकल्यावर फिका पडतो, ह्याचा अंदाज यायला मुलांना महिना लागला. पहिले दोन चेहरे पुसून टाकावे लागले. ज्येष्ठ सभासदांनी म्हटल्याप्रमाणे एकदा नाक खरोखरच वाकडे आले, आणि ते सांगायला ते स्वतः रोज संध्याकाळी येऊन बसू लागले.

खरा वाद झाला तो झडलेल्या भागावरून. मूळ भिंतीवर खालच्या बाजूचा रंग बराचसा गेलेला आहे, वरही मधूनमधून गिलावा सुटलेला आहे. आपण प्रतीत तो भाग पुरा करायचा की नाही? काही उपासकांचे म्हणणे, देवघरातल्या तसबिरीला भोक ठेवत नाहीत, वंदनेच्या जागी पूर्ण रूपच हवे. मुलांचे म्हणणे, जे आम्ही पाहिले नाही ते कसे काढू? दोन सभा ह्यावर गेल्या. आमचे मत मुलांच्या बाजूचे होते. तरी दुसरी बाजूही खोटी नाही. होर्यूजीत नवी भित्तिचित्रे काढताना चित्रकारांनाही हाच पेच पडला असणार. अखेर असे ठरले की जेथे ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रतींत आकृती स्पष्ट दिसते तेथे ती फिक्या गेरूच्या नुसत्या रेघेने दाखवायची, रंग भरायचा नाही. आणि जेथे त्यांनाही काही दिसले नव्हते तेथे मातीचा रंग तसाच सोडायचा. त्यामुळे सभागृहातील पद्मपाणीकडे नीट पाहिल्यास तीन काळ दिसतात: आज भिंतीवर आहे ते, दीडशे वर्षांपूर्वी होते ते, आणि जे त्याआधीच गेले ते.

चित्र पुरे झाले त्या आठवड्यात आम्ही विजेच्या तारा तपासून घेतल्या आणि सभागृहात अग्निशामक नळकांडे बसवले. गिलपासून अराईपर्यंतची हकीकत वाचल्यावर एवढी खबरदारी घेणे भागच होते. नळकांडे चित्राच्या डाव्या बाजूला, दाराजवळ आहे. त्याची मुदत दर वर्षी तपासण्याचे काम विद्यार्थी समितीकडे दिलेले आहे. स्पर्धेच्या नियमपत्रकातील ते वाक्यही आता काढले असून, प्रतींसाठी स्वतंत्र गट ठेवला आहे. त्यात कोणत्या चित्राची प्रत आहे आणि ते कोणी, केव्हा काढले हे चित्राच्या मागे लिहिणे आवश्यक राहील.